टाक्यावरची एकोणीस डोकी

हुकूम घेऊन चिटणीस आला तेव्हा स्टाना दारात बसून मासे साफ करत होती. हुकूम तिच्या नवऱ्यासाठी होता. पण ग्रुबिशा पाथरवट हा चार माणसं दिसली की मुका होणारा, त्यामुळे घरी आलेला कुठलाही निरोप आधी स्टानाच ऐकायची.

"टाक्यावरची मधली सात दगडी डोकी काढायची," चिटणीस म्हणाला. "तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. तिथं सुभेदारसाहेबांची शिळा बसणार. व्हेनिसहून तयार होऊन आलीय. नवऱ्याला सांग."

"काय लिहिलंय त्या शिळेवर?"

"लॅटिन आहे. तुला काय करायचंय?"

"मला वाचता येत नाही, ऐकता येतं."

चिटणीसाला स्वतःच्या लॅटिनचं भारी कौतुक. त्यानं घसा साफ केला आणि आपल्या भाषेत सांगितलं, की ऑर्सातो, या नगराचा सुभेदार, यानं तहानलेल्या प्रजेची दया येऊन आपल्या औदार्यानं हे टाकं बांधलं.

स्टानाच्या हातातला मासा तिथंच राहिला.

"बांधलं? यानं?"

"मासळीचा वास येतोय फार," असं म्हणून चिटणीस निघून गेला.

कामेनिकमध्ये टाकं एकच आहे. समुद्रापलीकडून आलेले व्हेनिसवाले या गावावर राज्य करायला लागून नव्वद वर्षं झाली आणि नव्वद वर्षं गाव त्यांच्याकडे पाणी मागत होतं. अर्ज गेले, माणसं गेली, एकदा तर मधाचा बुधला आणि दोन बकरे पण गेले. बकरे खाल्ले असणार. उत्तर नाही आलं. पाणी हवं तर बायकांनी वेशीबाहेर डोंगरावर झऱ्यापर्यंत चढायचं, अर्धा तास वर, अर्धा तास खाली, हिवाळ्यात वारा घागरीसकट माणसाला ढकलतो अशा वाटेनं. शेवटी गावानंच ठरवलं, पावसाचं पाणी साठवायला टाकं आपणच बांधायचं. दर रविवारी देवळात मिसा झाली की अख्खं गाव खाडीवर जायचं आणि टाक्याला लिंपायला टोपल्यांतून चिकणमाती डोक्यावर आणायचं. मिठागरातले, कोळी, पाववाले, सगळे. पाच वर्षं. तिसऱ्या वर्षी खड्ड्याची एक बाजू ढासळली आणि खाली काम करणारा मिहोच आत गेला. स्टानाचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा होता.

टाकं पुरं झालं तेव्हा गावातल्या सरदार घराण्यांची जुंपली. कुणाच्या घराण्याची कोरीव ढाल वर, कुणाची खाली, दोन महिने नुसती भांडणं. मातीला हात न लावलेले सगळे. वैतागून नगरसभेनं म्हटलं, कुणाचीच नको. मग ग्रुबिशानं पुढच्या भिंतीवर, कमानीखाली, एका ओळीत डोकी कोरली. जी माणसं खरोखर राबली त्यांची. एकोणीस. दोब्रा पाववालीची दुहेरी हनुवटी, मिठागरातल्या म्हाताऱ्याचा चपटा कान, सगळं जसंच्या तसं. आणि बरोबर मधोमध मिहोच, दातांत जीभ धरलेला.

त्या जिभेचं सुभेदाराला भारी लागलं होतं. टाकं चौकात, समोर वाडा, वाड्याची मधली खिडकी त्याची. दीड वर्ष रोज सकाळी उठलं की समोर जीभ काढलेला पोरगा. आता फेब्रुवारीत त्याची मुदत संपत होती. जायच्या आधी ती जीभ भिंतीवरून हटवायची आणि तिथंच स्वतःचं नाव लावायचं, असं एका दगडात त्यानं जमवलं होतं. या टाक्यासाठी त्या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट केली होती. त्यातलं पाणी प्यायला होता.

ग्रुबिशा घरी आला, स्टानानं सगळं सांगितलं. तो बाकावर बसला आणि नखातली दगडाची भुकटी काढायला लागला.

"बोल की काहीतरी!"

"काय बोलू? वेशीवर व्हेनिसवाल्यांनी आपला दगडी सिंह बसवला तेव्हा पण लोक चिडले होते म्हणे. मग सवय झाली."

"सिंहाखाली कुणाचा भाऊ गाडलेला नव्हता."

"मी नाही काढली तर दुसरा कुणी काढेल. फोडून काढेल. मी काढली तर मिहोचचं डोकं अख्खं काढता येईल. घरी आणू. चुलीच्या वर बसवू."

स्टाना अशी उसळली की दोब्रानं शेजारून डोकं बाहेर काढलं.

"चुलीवर? तो काय कांद्याची माळ आहे? घरात रडायला मला दगड लागत नाही रे! तो चौकात आहे म्हणून आहे. परगावचा माणूस पाणी प्यायला येतो, विचारतो हा कोण, पोरं सांगतात हा मिहोच, हा इथं खाली मेला. घरी आणलास की तो फक्त माझा भाऊ. तिथं तो गावाचा आहे."

"मला कैदी करून जहाजावर वल्ह्याला बांधतील, स्टाना."

ती तशीच घराबाहेर पडली.

आधी ती सरदार त्वर्दकोकडे गेली. नगरसभेत सगळ्यात म्हातारा तोच. त्यानं तिला बसवलं, सुकी अंजिरं दिली, मिहोच फार गुणी होता असं तीनदा म्हणाला. मग सांगितलं की त्याच्या नातवाला व्हेनिसच्या जहाजावर जागा मिळतेय आणि शिफारशीचं पत्र सुभेदार लिहिणार आहे. "शेवटी दगडच तो, पोरी." स्टानानं अंजिरं टेबलावर परत ठेवली. हे आपले सरदार! यांच्या आज्यापणज्यांची नावं गावातल्या प्रत्येक देवळात कोरलेली, तिथला एक दगड हलवला असता तर यांनी पोपपर्यंत धाव घेतली असती.

नाताळचा दुसरा दिवस उजाडला. कामेनिकमध्ये त्या दिवशी राजा निवडतात. सरदारांतला नाही, साध्या माणसांतला. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत वेशीच्या किल्ल्या त्याच्याकडे, न्यायमंडपातली सुभेदाराची खुर्ची त्याची, आणि सुभेदारानं खाली स्टुलावर बसायचं. राजा जे सांगेल त्यावर सुभेदारानं टोपी काढून "आज्ञा, महाराज" म्हणायचं. व्हेनिस यायच्या आधीपासूनची रीत. व्हेनिसनं ती चालू ठेवली. न ठेवायला काय झालं? बारा दिवस गाव हसतं, तेराव्या दिवशी गप्प कामाला लागतं.

त्या वर्षी राजा झाला बिल्शा, मासे खारवणारा. माणूस एवढा जाड की खुर्चीच्या हातांमध्ये त्याला दोघांनी दाबून बसवला. डोक्यावर सोनेरी कातड्याचा मुकुट, अंगावर मेंढीचं कातडं. पाद्र्याची बाही खाल्ली म्हणून एका शेळीवर खटला झाला. शेळी सुटली, बाही बेचव निघाली म्हणून पाद्र्यालाच दंड. गाव हसून हसून लोळत होतं, सुभेदार पण. आणि त्या हसण्यातून वाट काढत स्टाना पुढे आली.

"महाराज, माझी फिर्याद आहे."

"बोल, बोल! नवऱ्यानं मारलं? का तू त्याला मारलंस?"

"फिर्याद सुभेदारावर आहे. टाक्यावर खोटं नाव लावतायत."

मंडपातलं हसू अर्ध्यावर अडकलं. बिल्शाचा चेहरा मुकुटाखाली ओला झाला. तो पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "स्टाने, हे काय घेऊन आलीस? मला सणानंतर इथंच मासे विकायचेत गं. मी बारा दिवसांचा राजा."

"मग बारा दिवस तरी हो, काका."

कुणीतरी मागून ओरडलं, "ऐका तिचं!" बिल्शानं सुभेदाराकडे बघितलं. सुभेदार मजेत होता. त्यानं हात हलवला, चालू द्या.

"विचारू का मीच एक?" सुभेदार स्टुलावरून म्हणाला. आपली भाषा तो मोडकी बोलायचा आणि मुद्दाम जास्त मोडायचा. "दीड वर्ष एक पोरगा माझ्या खिडकीकडे जीभ काढतो. ही कामेनिकची पाहुण्यांना दाखवायची रीत आहे काय?"

सरदार मंडळी आधी हसली, मग बाकीचे.

"तुमच्याकडे नाही काढली," स्टाना म्हणाली. "हातोडा नेमका मारायचा असला की तो जीभ दातांत धरायचा. लहानपणापासून. आई ओरडायची, एक दिवस तुटेल म्हणून. तुम्ही तेव्हा होता कुठे? तुम्ही जगात आहात हेच त्याला माहीत नव्हतं."

हे लागलं. जीभ आपल्यासाठी आहे म्हणून राग आला होता, आणि ती आपल्यासाठी नव्हतीच, हे त्याहून वाईट. सुभेदाराच्या तोंडावरची मजा एक क्षणभर गेली आणि स्टानानं ती जाताना पाहिली.

ती मागे वळली. "ज्यांनी ज्यांनी माती वाहिली त्यांनी हात वर करा."

कुणी हलेना. लोक पायाखालची फरशी बघायला लागले. स्टानाला वाटलं आता आपल्याला इथंच रडू फुटणार. मग दोब्रा म्हणाली, "अगं वर काय करायचा, माझा खांदा त्या टोपल्यांनीच गेलाय, वर जातोय कुठे," आणि तिनं डाव्या हातानं उजवा धरून वर उचलला. मग पुढचा, मग त्याच्या मागचा, मग ओळच्या ओळ. सरदारांच्या बाकावर मात्र सगळ्यांचे हात मांडीवर.

बिल्शानं ते सगळे हात बघितले आणि त्याला काय झालं कुणास ठाऊक, खुर्चीत तो जरा ताठ झाला.

"निकाल ऐका. ज्यानं माती वाहिली त्याचं डोकं भिंतीवर. सुभेदारसाहेबांना पण नाव लावायचंय? लावा की! आम्ही कुठे नाही म्हणतो. खाडीवरून शंभर टोपल्या चिकणमाती आणायची, स्वतःच्या डोक्यावर. दोब्रा मोजेल. शंभर भरल्या की शिळा बसेल. तोपर्यंत दगडाला हात लावायचा नाही."

मंडप हसण्यानं फुटला. लोक बाकांवर चढले. सुभेदार सगळ्यांत मोठ्यानं हसला, उठला, टोपी काढून गुडघ्यापर्यंत वाकला. "आज्ञा, महाराज!"

लोक स्टानाच्या पाठीवर थापा मारत होते. तिला त्या सगळ्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. कारण तो कसा हसला ते तिनं बघितलं होतं. तिचा भाऊ, तो खड्डा, ती पाच वर्षं, सगळं त्यानं शेळीच्या खटल्याशेजारी ठेवून दिलं होतं.

आणि तसंच झालं, निकाल खेळातच राहिला. तीन राजांचा सण सरला, बिल्शानं किल्ल्या परत दिल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्याला शिडी लागली. शिळा शेजारी उभी, पांढरीशुभ्र, वर सुभेदाराच्या घराण्याची ढाल. चौकात माणसं गोळा झाली. ग्रुबिशा छिन्नी हातोडा घेऊन आला. स्टाना घागर भरून टाक्यापाशी उभी होती. त्या भांडणापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती.

तो शिडी चढला. मिहोचच्या कपाळाशी छिन्नी लावली. तसाच थांबला. मग खाली उतरला, हातोडा चिटणीसाच्या पायाशी ठेवला आणि विचारलं, "टोपल्या कुठायत?"

"कसल्या टोपल्या?"

"शंभर."

"अरे तो सणातला खेळ होता, मूर्खा!"

"असेल," ग्रुबिशा म्हणाला. त्याचा आवाज अख्ख्या चौकाला ऐकू जात होता. चार माणसांपुढे मुका होणारा हा माणूस चारशेंपुढे बोलत होता. "पण साहेब आज्ञा म्हणाले. टोपी काढून म्हणाले. मी बघितलंय. शंभर झाल्या की सांगा, मी येतो."

शिपायांनी त्याला तिथूनच वाड्याच्या तळघरात नेला. दुसऱ्या पाथरवटाला बोलावलं. तो म्हणाला कंबर धरलीय, आणि हो, टोपल्या झाल्या का? तिसऱ्यानं कंबरेचं पण सांगितलं नाही, नुसत्या टोपल्या विचारल्या. तेव्हा खिडकीतून सुभेदार ओरडला आणि बंदरातल्या जहाजावरून दोन माणसं घण घेऊन आली. त्यांना छिन्नी कशाला लागते? पहिला घाव मिहोचवर. जीभ गेली, हनुवटी गेली, दुसऱ्या घावात नाक. मग आजूबाजूची सहा. दोब्रा स्वतःचं डोकं फुटताना बघत होती आणि तोंडावर हात दाबून उभी होती. दुपारपर्यंत शिळा बसली.

स्टानाला रडू येईना. तिच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. तिनं हातातली भरलेली घागर उलटी केली. पाणी फरशीवरून चिटणीसाच्या बुटांपर्यंत गेलं.

"काय करतेस गं, वेडे?" दोब्रा म्हणाली.

"हे पाणी आपलं नाही. त्याचं नाव आहे ना वर? त्यालाच पिऊ दे."

ती रिकामी घागर खांद्याला लावून वेशीबाहेर पडली आणि डोंगराची वाट चढायला लागली. दोब्रा मागून शिव्या देत आली. "या खांद्यानं मला वर न्यायला लागलीस, मेले!" पण आली. संध्याकाळी सात बायका होत्या, दुसऱ्या दिवशी चाळीस. चौथ्या दिवशी टाक्यावर चिटपाखरू नव्हतं. बिल्शाला मासे धुवायला रोज पिंपभर पाणी लागायचं, तो बिचारा गाढव घेऊन चढायचा आणि अर्ध्या वाटेत गाढवाआधी बसायचा. "राजा होतो तेव्हा बरं होतं, कुणी चढवत नव्हतं," असं धापा टाकत सांगायचा, आणि उठून परत चढायचा.

सुभेदार आधी हसला. मग त्यानं वाड्यातल्या माणसांना टाक्यावर पाठवलं, भरा म्हणाला, सगळ्यांना दिसेल असं भरा. दोन शिपाई एवढ्या मोठ्या चौकात बादली ओढत बसायचे आणि डोंगरावर जाणाऱ्या बायका त्यांच्याकडे ढुंकून न बघता जायच्या. सरदारांच्या घरच्या मोलकरणीसुद्धा. त्वर्दकोच्या मोलकरणीनं टाक्याचं पाणी आणायला साफ नकार दिला म्हणे, आणि म्हातारा सरदार महिनाभर डोंगराचं पाणी प्यायला. नाइलाजानं का होईना, एक काम त्याच्या हातून झालं.

फेब्रुवारीत नवा सुभेदार उतरला. जुना त्याला हात धरून चौकातून वाड्याकडे नेत होता, मुद्दाम शिळेसमोरून. नेमक्या तेव्हाच बायका वेशीतून येत होत्या, वाऱ्यानं लाल झालेल्या, घागरी घेऊन. नव्यानं एकीला थांबवलं. ती स्टाना निघाली.

"टाकं इथं असताना पाणी कुठून आणता?"

"डोंगरावरून. हे टाकं यांचं खाजगी आहे."

"खाजगी?"

"नाव वाचा. गावाचं होतं तेव्हा आम्ही पीत होतो. ज्यांनी ते बांधलं त्यांची डोकी ज्यानं कोरली तो तुमच्या वाड्याच्या तळघरात आहे, महिना झाला. हवं तर त्याला विचारा."

नव्यानं शिळा वाचली, दोनदा. मग जुन्याला अगदी गोड आवाजात विचारलं, की सुभेदारांनी परमुलखात स्वतःच्या ढाली लावू नयेत असा आपल्याच राज्याचा कायदा आहे, तो आपल्या कानावर आला नव्हता का? जुना कानापर्यंत लाल झाला.

शिळा आठवड्यात उतरली. लोकांनी टोप्या उडवल्या, नव्याचा जयजयकार केला. स्टाना नाही ओरडली. त्याला काय गावाची दया आली होती? कायदा त्यांचा, भांडण त्यांचं आपापसातलं. मिहोचचं तोंड फुटलं तेव्हा हा कायदा कुठल्या पेटीत झोपला होता? आणि तो जुना, जहाजात बसून घरी गेला. त्याला कुणी काही विचारलं नाही.

ग्रुबिशा बाहेर आला, निम्मा झाला होता, खोकत होता. दोन दिवस झोपला. तिसऱ्या दिवशी शिडी लावून फुटक्या डोक्यांसमोर उभा राहिला आणि हातोडा न उचलता परत खाली आला.

"मला आठवत नाही," तो स्टानाला म्हणाला. "तेव्हा मिहोचला जाऊन दोनच वर्षं झाली होती. आता किती झाली. नाक कसं होतं सांग ना."

"सरळ," स्टाना म्हणाली.

"कसलं सरळ?" मागून बिल्शा बोलला. तो टाक्यावर पाणी भरायला आला होता, खाली, सपाटीवर, सुखानं. "डावीकडे वाकडं होतं. मीच मोडलं होतं, वल्ह्यावरून भांडण झालं तेव्हा."

"तू मोडलंस? मला म्हणाला पायरीवरून पडलो!"

"मग काय, जाड्याचा मार खाल्ला म्हणून सांगणार होता बहिणीला?"

"वाकडं होतं पण उजवीकडे," दोब्रा म्हणाली. "माझ्या दुकानात रोज उभा असायचा, मी समोरून बघितलंय."

"तुझी उजवी म्हणजे त्याची डावी, बाई!"

मिठागरातला म्हातारा आला, त्यानं भुवयांचं काढलं. दोन पोरी आल्या, त्यांनी मिहोचला कधी पाहिलंच नव्हतं, तरी फुटायच्या आधीचं डोकं कसं होतं ते बोटानं हवेत काढून दाखवायला लागल्या. बघता बघता पंधरावीस माणसं झाली, सगळी एकदम बोलणारी, एकमेकांना खोटं पाडणारी. ग्रुबिशा शिडीवर कोळशाचा तुकडा घेऊन उभा, एक रेघ काढायचा, खालून दहाजण ओरडायचे, तो पुसायचा.

"एकेकानं बोला!" स्टाना किंचाळली. "आणि बिल्शाकाका, तुम्ही आधी पुढे या. मोडलं कसं ते नीट सांगा. कुठल्या हातानं मारलं होतं?"